मोटर रशियाच्या पोटात

रशिया पडला तेव्हा माझी पोरगी पाळण्यात होती. मी खालीच उभी होते, तिचं टोपडं हातात घेऊन, अन् आधी नुसता कर्र असा आवाज आला, बांबू चिरतो ना तसा, मी वर बघते तर रशियाचा खांदा हलतोय, मग मान, मग अख्खा रशिया ट्रॉलीवरून मागच्या मागे भिंतीवर, अन् त्याच्याकडची दोरी तटकन तुटली, पाळणा झोकात गेला अमेरिकेकडे, समोर अमेरिकेचं पोट, कागदाचं, ते फाडून पोरगी आत. आत म्हणजे दिसेचना. दोरी बाहेर लोंबून राहिली, पोरगी गायब. अन् रडण्याचा आवाज नाही. लेकरू रडलं की आईचा जीव जातो असं लोक बोलतात. लेकरू रडत नाही तेव्हा काय होतं ते मला विचारा.

मी ओरडले का ते आठवत नाही. आमचे हे स्विचपाशी होते, यांनी आधी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. अन् काका, म्हणजे आमचे घरमालक, ज्यांच्या डोक्यातून ही सगळी झांकी, हा हलत्या पुतळ्यांचा देखावा, निघाला होता, ते पडलेल्या रशियाचा एक पाय धरून उभे होते अन् मला बोलले, ‘बघ. मी सांगत नव्हतो? एक गेला की दुसऱ्याचं काही खरं नाही.’

माझी पोरगी अमेरिकेच्या पोटात, अन् काका असे बोलतात.

तुम्ही बोलाल माणूस वेडा होता. नव्हता हो. थांबा, सांगते, पण मला सरळ एकापाठी एक सांगता येत नाही, माझी शाळा सातवीपर्यंत, अन् तो कर्र आवाज आठवला की अजून दम लागतो.

काका आमच्याच मिलमधे टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आत आलं ते बघायचं. त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे, म्हणजे राज्य चालवणं रक्तातच आहे असं. मिल बंद पडली तर कोणी गेटवर धरणं द्यायला बसलं, कोणी सब्जीचा ठेला लावला, कोणी दारू धरली. काका दारापुढच्या ओटल्यावर आले. सकाळी अंघोळ, गंध, कोट, हो, कोट, मे महिन्यात पण, अन् मांडीवर रेडिओ. त्याच्यावर बाहेरच्या देशांच्या हिंदी बातम्या लागायच्या. त्या संपल्या की जो समोरून जाईल त्याला थांबवायचे. ‘अरे भिया, ऐकलं का?’ तो बिचारा कांदे आणायला चाललेला, त्याला वाटायचं मिलची काही खबर आहे.

‘मिल खुल री है क्या काका?’

‘मिलचं सोड रे. अमेरिकेनं जहाज हलवलं.’

घरात संडास एकच, मागच्या अंगणात, सगळ्या भाडेकरूंचा. त्याच्या दाराला आतून काकांनी दुनियेचा नकाशा चिकटवला होता. ‘लोक तिथे रिकामेच बसतात, तेवढं तरी शिकतील.’ आता बसलं की बरोबर डोळ्यासमोर अफगाणिस्तान यायचा, पाकिस्तान, इराण, तेवढंच. अमेरिका डाव्या बाजूला, कडीच्या मागे दबलेली. त्यामुळे आमच्या घरातले सगळे भाडेकरू त्या एका कोपऱ्यात एकदम पक्के, बाकी दुनिया कोणाला ठाऊक नाही. मी एकदा बोलले, ‘काका, अमेरिका दिसतच नाही.’ तर ते खूश झाले. ‘दिसत नसतेच ती. कडी तिच्या हातात असते.’

भाडेकरूंना त्यांनी देश वाटून दिले होते. वरच्या खोलीतले मास्तर कोणाशी बोलायचे नाहीत, ते भूतान. आम्ही अफगाणिस्तान. मला खूप राग आला होता, बसल्यावर तेच दिसायचं ना रोज. पण काका समजावून बोलले, ‘अगं, तुमची खोली बघ. दार माझ्या अंगणात, खिडकी रस्त्यावर, अन् खिडकीसमोर कोण?’

समोर दूधवाले भिया. समोरच्या डेअरीचे मालक, छाती मोठी, आवाज त्याहून मोठा. ते रशिया. अमेरिका म्हणजे काका स्वतः, ते काही बोलून दाखवत नव्हते, पण कोट होताच. भियाला आपण रशिया आहोत हे माहीत होतं. एकदा मला विचारलं, ‘भाभी, ये रशिया बड़ा है ना?’ मी बोलले, नकाशावर तर सगळ्यात मोठा आहे. ‘तो फिर ठीक है.’

दोघांचं भांडण मी लग्न होऊन यायच्या आधीपासूनचं. काकू बोलायच्या एका नालीवरून सुरू झालं होतं, नाली कधीच बुजली, भांडण वाहून राहिलं. खरी चुरस झांकीची. इंदूरला अनंत चौदसीला मिलच्या झांक्या निघतात ना, ट्रॉलीवर हलणारे पुतळे, पळणारे बल्ब, अख्खं शहर रस्त्यावर. पगार बंद झाला तर लोकांनी कसंतरी सोसलं, पण झांकी बंद झाली असती तर मिल खरंच गेली असं झालं असतं. म्हणून आमच्या गल्लीतल्या मिलवाल्यांनी आपली छोटी झांकी सुरू केली, अन् लगेच तिच्या दोन झाल्या, एक काकांची, एक भियाची.

अन् आमचे हे मिलच्या बिजली खात्यात होते. बल्ब असे पळवायचे की वाटावं पाणीच वाहतंय. दोघांनाही हे पाहिजे. त्यात आमच्या गल्लीची रीत, झांकी निघायच्या आधीच्या पूजेत गल्लीतलं नवं लेकरू ज्याच्या मांडीवर बसतं, तो त्या वर्षी झांकीच्या पुढे चालतो अन् नारळ त्याच्या हातचा. त्या साली गल्लीत नवं लेकरू एकच, माझं.

तर आमचं घर त्या दोघांच्या भांडणावर चालत होतं, असंच समजा. पगार नाही, तरी काका खोलीच्या भाड्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. अन् खिडकीतून रोज सकाळी भियाचं दूध यायचं. गर्मीत पोरगीला घामोळ्या आल्या तर भियानं खिडकीला खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, लावून दिली, स्वतः येऊन, पाणी मारून. अर्ध्या तासात काका दारात. हातात त्यांच्या बैठकीतला टेबल फॅन, वायर गळ्यात. मी पायच धरायला गेले तर दोन पावलं मागे सरकले.

‘प्रेम नाही हं हे. गैरसमज नको. त्यानं टट्टी लावली नसती तर मी पंखा दिला नसता. मी खोटं नाही बोलत.’

खरंच नव्हते बोलत. असा मालक कुठे मिळणार, जो उपकार करताना कारण पण सांगतो. आतून काकू बोलल्या, ‘अन् मला कोण देणार पंखा? मला कोणता रशिया आहे?’

त्याच दिवशी त्यांनी मला अफगाणिस्तानचं सांगितलं. मी पोरगीला पंख्यासमोर निजवत होते, ते दारातून बोलत होते. ‘रशिया तिथे घुसला तेव्हा अमेरिकेला एकदम माया आली. गाड्या, बंदुका, डबाबंद खाणं, कपडे, जे मागाल ते. शेजारच्या पाकिस्तानला पण, कारण रस्ता तिकडून. त्यांना वाटलं आपण लाडके. लाडकं कोणी नव्हतं. अमेरिका त्यांच्याकडे बघतच नव्हती, त्यांच्या डोक्यावरून रशियाकडे बघत होती.’

‘मग?’

‘मग रशिया निघून गेला. झालं. आता अमेरिका पोस्टकार्ड पण टाकत नाही.’

मी पोरगीवरचा हात तसाच ठेवला. पंखा फिरत होता अन् मला थंडी वाजली. मी विचारलं, ‘काका, दूधवाले भिया कुठे जाणार तर नाहीत ना?’

काका हसले. ‘तो कुठे जातोय. म्हशी आहेत त्याच्या.’

त्या साली काकांनी झांकीत हेच दाखवायचं ठरवलं. लोक बोलले, काका, कृष्णलीला घ्या, पब्लिक थांबते. काका बोलले, ‘कंस किती वर्षं मारणार रे? तो मेला.’ बाजूच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशी, ट्रॉली उभी केली. बांबूच्या खपच्यांचे दोन पुतळे, वर कागद, आत मिलचा उरलासुरला कापूस. अमेरिका गोरी, उंच टोपी, हातात दुधाची बाटली. रशिया दाढीवाला. मधे पाळणा, दोघांकडून दोऱ्या. पाळणा म्हणजे आपल्याकडचे सगळे छोटे देश. रशियानं पाळणा ओढला की अमेरिकेचा बाटलीवाला हात वर जाणार, रशिया थांबला की हात खाली.

मोटर एकच होती. यांनी विचारलं, ‘कोणात बसवू?’

‘रशियाच्या पोटात. अमेरिकेला मोटर नको. ती आपणहून हलत नाही, पट्ट्यानं हलते.’

हे दबक्या आवाजात बोलले की सगळं वजन एका पुतळ्यात जाईल, रशिया मागे झुकेल. काका बोलले, ‘पुतळा सिद्धांताप्रमाणे पाहिजे.’ आता यांच्या तोंडून पुढे शब्द निघेल तर शपथ. खोली काकांची होती ना.

मग काका माझ्याकडे वळले. पाळण्यात बाहुली ठेवली होती, ती त्यांना आवडेना. ‘बाहुली रडत नाही. छोटा देश रडला पाहिजे, तेव्हाच लोक वर बघतात.’ अन् पोरगीकडे बघून राहिले. मी बोलले, ‘काका, भीती वाटते मला.’ ते बोलले, ‘वाटणारच. अफगाणिस्तानला विचारून कोणी काही केलंय?’ हसत बोलले, पण डोळे माझ्या दारावर गेले, निदान मला तसं वाटलं. मी पोरगीला काजळ लावलं, टोपडं काढलं, अन् दिली.

तर तिथून पुढे कर्र आवाज.

भिया कुठून आले मला दिसलं नाही. त्यांच्या ओटल्यावरून त्यांना अंगणातलं सगळं दिसायचं, ते रोज बघायचेच की काका काय बनवून राहिले. धोतर खोचलेलं, धावत आले, ट्रॉलीवर चढले अन् दोन्ही हातांनी अमेरिकेचं पोट फाडलं. कागद, खपच्या, कापूस, सगळं उडतंय. आत पोरगी. कापसात रुतून बसलेली, केसांत कापूस, अन् हातात अमेरिकेच्या हातून सुटून आत पडलेली ती बाटली, जिच्यात चुन्याचं पाणी भरलं होतं दूध दिसावं म्हणून, ती चाटायच्या तयारीत. भियानं बाटली हिसकली तेव्हा ती रडली. असं छान रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. मी हात वर करून तिला घेतलं, टोपडं घातलं.

अन् मग काका रडले. कोटाच्या बाहीनं डोळे पुसत भियापुढे उभे राहिले. ‘आज तू नसतास तर.’ भिया बोलले, ‘अरे काका, छोरी तो पूरी गल्ली की है.’ दोघं मिठी मारून उभे, कापूस दोघांच्या अंगावर, आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवून राहिले. काकू देवापुढे साखर ठेवायला आत पळाल्या. इतक्या वर्षांचं भांडण माझ्या पोरगीनं मिटवलं असं जो तो बोलत होता. मी पण रडत होते, मला पण बरं वाटलं. एक दिवस.

दुसऱ्या दिवशी काका पंखा घेऊन गेले. रागानं नाही, प्रेमानं. ‘आता गर्मी कमी झालीय ना.’ दूध आलं नाही. मी खिडकीतून विचारलं तर भिया लाजून बोलले, ‘भाभी, कल से बूथ का काम देख रे हैं, दूध का ध्यानच नी रिया.’

कुठलं बूथ ते संध्याकाळी कळलं. काका अन् भिया एका ओटल्यावर बसून चहा पीत होते. तेव्हा राजवाड्यापासून पलासियापर्यंत जिथे बघाल तिथे एसटीडी-पीसीओ उघडत होते, पिवळा बोर्ड, काचेची खोली, रांगा लागायच्या. दोघांनी भागीदारीत काढायचं ठरवलं. रस्त्यावर खिडकी असलेली खोली काकांकडे एकच होती. भियाचा भाचा बसणार होता. तो पण आमच्याच मिलचा, त्याच्या घरी पण लहान मुलगी. बोर्ड रंगवून आला सुद्धा, ठेवायला जागा नाही म्हणून माझ्याच दाराआड उभा केला.

‘दिवाळीपर्यंत दुसरीकडे बघा,’ काका बोलले. ‘घाई नाही.’

‘काका, आमचं काही चुकलं का?’

‘छे. काहीच नाही चुकलं.’ त्यांना खरंच वाईट वाटत होतं, तोंडावर दिसत होतं. ‘काही झालंच नाही, तेच तर आहे पोरी. आता भांडण राहिलं नाही.’

झांकी पण एकच करायची ठरली, दोघांची मिळून, कृष्णलीला. लायटिंग पलासियाच्या दुकानातून भाड्यानं. म्हणजे यांचं पण काम संपलं. हे रात्रभर छताकडे बघत राहिले, मी बोर्डाकडे. सकाळी संडासात बसले तर समोर तोच नकाशा, तोच अफगाणिस्तान, त्याच्यावर कोणीतरी पान खाऊन थुंकलेलं.

पूजेच्या दिवशी ओटल्यासमोर सतरंजी टाकली. ट्रॉली सजवलेली, सगळी गल्ली जमलेली. काका अन् भिया शेजारी शेजारी मांडी घालून बसले, गुडघ्याला गुडघा लावून. नारळ दोघं मिळून फोडणार, एकेक हात लावून, हे ठरलं होतं. पण लेकराचं काय ते कोणी ठरवलंच नव्हतं. मी पोरगीला घेऊन पुढे गेले तेव्हा सगळ्यांच्या ते ध्यानात आलं.

‘अर्धी अर्धी ठेव,’ काका बोलले. ‘दोघांच्या मांडीवर.’

मी तसं करून पाहिलं. ती मधल्या फटीत घसरायला लागली, लोक हसले. काकू मागून बोलल्या, ‘लेकरू आहे ते, सतरंजी नाही अर्धी अर्धी अंथरायला.’

‘भाभी, काका को दे दो,’ भिया बोलले. ‘बड़े हैं.’

‘नाही नाही,’ काका बोलले. ‘त्यानं वाचवली. त्याचाच मान.’

‘अरे नी काका, आप.’

‘नाही रे, तूच.’

तोंडानं असं चाललं होतं. पण मी वर उभी होते ना, मला खालचं दिसत होतं. काकांचा गुडघा हळूहळू पुढे सरकत होता. भियानं धोतर पसरून मांडी ऐसपैस केली होती. मी पोरगीला घेऊन उभी, कडेवर ती जड झालेली, अन् माझ्या डोक्यात काकांचाच आवाज, रशिया निघून गेला, झालं. काकांच्या मांडीवर ठेवावी तर भिया रुसणार, भागीदारी मोडणार, पण दूध गेलंच समजा. भियाच्या मांडीवर ठेवावी तर काका, अन् खोली काकांची. भाचा समोर उभा होता, बायकोला घेऊन, नवीन शर्ट घालून. त्याची छोरी माझ्या छोरीकडे बघून हात हलवत होती. अन् माझ्या दाराआड बोर्ड.

मी पोरगी भियाच्या मांडीवर ठेवली. नुसती ठेवली नाही. बोलले पण, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘ज्याच्यामुळे जगली, त्याच्याच मांडीवर. बाकी तर पाळण्यात टांगणारे.’

भियाची छाती फुगली ती फुगलीच, हात नारळाकडे गेला, एकच हात, अन् त्यांनी तो एकट्यानंच फोडला, काकांचा हात वरच राहिला.

काका माझ्याकडे बघून राहिले. मला वाटलं आता इथेच, सगळ्यांसमोर, सामान बाहेर. मग त्यांच्या तोंडावर खुशीसारखं काहीतरी आलं, मी आधी एकदाच पाहिलं होतं ते, कडीचं बोलले होते तेव्हा. कोट झटकून उठले, माझ्या दारात गेले, बोर्ड उचलला, रस्ता ओलांडून भियाच्या ओटल्याला टेकवून ठेवला अन् घरात गेले. भागीदारी तिथेच संपली. भियाच्या ओटल्यावर म्हशींच्या मधे कुठे बूथ होणार, ते झालंच नाही.

संध्याकाळी दार वाजलं. काका. हातात पंखा, वायर गळ्यात.

‘प्रेम नाही हं हे,’ बोलले.

‘ठाऊक आहे काका.’

‘पुढच्या साली माझी झांकी वेगळी. नवऱ्याला सांगून ठेव, बल्ब पळवायचे आहेत.’ जाता जाता थांबले. ‘नकाशा मी तिथून काढणार होतो. आता राहू देतो.’

दूध सकाळी खिडकीतून आलं, नेहमीपेक्षा मोठ्या भांड्यात. काका गेले तोपर्यंत आम्ही त्याच खोलीत होतो, दोघं एकमेकांशी परत कधी बोलले नाहीत. काकांना न्यायच्या दिवशी भिया आपल्या ओटल्यावर उभे राहिले, रस्ता ओलांडून आले नाहीत, डोळे मात्र पुसत होते. अन् तो भाचा, तो पीथमपूरला कुठल्या कंपनीत चौकीदार लागला, महिन्यातून एकदा घरी यायचा, माझ्या खिडकीसमोरून जायचा. मी आत सरकायचे.

लोक अजून बोलतात, त्या बाईनं जमलेली दोस्ती मोडली. बोलू दे. मला एवढंच विचारायचंय, तुमच्या कडेवर लेकरू असतं, दाराआड दुसऱ्याचा बोर्ड असता, अन् समोर त्या दोन मांड्या पसरलेल्या असत्या, तर तुम्ही कोणाच्या मांडीवर ठेवलं असतं?